परतीचं पाणी

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी गेली अकरा वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्याआधी सतरा वर्षं वॉर्डात होते. रक्ताभिसरणाचा धडा सुरू करताना पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. मुलींना एकच विचारते, "पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेलं रक्त वर कसं येतं?"

"हृदय पंप करतं ना, मॅडम."

"ते खाली जाताना. मी वर येताना विचारतेय."

वर्ग गप्प होतो. दरवर्षी होतो. हृदयाबद्दल सगळ्यांना बोलता येतं. चार कप्पे, झडपा, महाधमनी, सगळं पाठ असतं. परतीच्या वाटेचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. आणि वॉर्डात ज्यांच्या उशाशी या मुली उभ्या राहणार, त्यांतल्या कितीतरी जणांचं दुखणं त्या परतीच्या वाटेवरच असतं: सुजलेले पाय, पोटात साचलेलं पाणी, पोटरीतली गुठळी, घोट्याजवळची महिनोन्‌महिने न भरणारी जखम.

इतकी वर्षं शिकवूनही हा प्रश्न मला पुरता कळला तो गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बाबांच्या पायावर.

बाबा मालवणचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. वय अठ्ठ्याहत्तर. आधी शिडाच्या होडीवर, मग इंजिनाच्या बोटीवर, मिळून पन्नास वर्षं पाण्यात काढलेली. चवथीला मी घरी पोचले तेव्हा ते पडवीत आरामखुर्चीत बसले होते. मला बघून म्हणाले, "गो बाय, ही चप्पल आटली काय पाय फुगले?"

मी खाली बसले. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवला, मनात दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरला आणि उचलला. खड्डा पडला होता. उन्हाने रापलेल्या, खपल्यासारख्या कातडीवर एक फिकट, चकचकीत वाटी. ती भरून यायला मिनिटभर लागलं. हजारो पायांवर मी हे केलंय. त्या दिवशी दुसऱ्या पायावर अंगठा ठेवायला मला वेळ लागला.

पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या एका डॉक्टरांनी "वयाची सूज आहे, पाय वर ठेवून बसा" एवढंच सांगितलं होतं. मी आईला विचारलं, बाबा झोपताना उशा किती घेतात? ती म्हणाली, झोपतात कुठे, आठ दिवस झाले, रात्र खुर्चीतच काढतात. बाबांनी स्वतःहून सांगितलं, "आडवो पडलो की दम कोंडता."

तिथे माझी खात्री पटली. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी माणूस आडवा झाला की परत रक्तात शिरतं, आणि दमलेल्या हृदयाला तेवढं जास्तीचं पाणी पुढे ढकलता येत नाही. मग ते मागे तुंबतं, फुप्फुसात. म्हणून आडवं पडल्यावर दम लागतो आणि बसल्यावर बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी कुडाळला नेलं, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. निरोगी हृदयाचा खालचा डावा कप्पा एका ठोक्याला भरलेल्या रक्तापैकी निम्म्याहून थोडं जास्त बाहेर टाकतो. ५५ टक्क्यांच्या वर असेल तर ठीक म्हणतात. बाबांचं ३० निघालं. कधीतरी एक झटका येऊन गेला होता. बाबांनी तो छातीत वात धरला म्हणून बोटीवरच अंगावर काढला होता.

घरी आल्यावर त्यांना हे सगळं समजावून सांगणं माझ्याकडे आलं. वर्गातल्या मुलींना समजावणं सोपं असतं, त्यांना परीक्षा असते. बाबांना पटल्याशिवाय ते गोळीला हात लावणार नव्हते.

मी हृदयापासून सुरुवात केली. निरोगी हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर मिनिटाला जवळजवळ पाच लिटर, आणि दिवसाला सात हजार लिटर. अंगात एकूण रक्त तर पाचच लिटरच्या आसपास. बाबांनी लगेच हिशेब पकडला: म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा येतं. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली याच हिशेबावर अख्खं जुनं वैद्यक उलटं केलं होतं. तोवर युरोपात असं धरून चालत की यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि अवयव ते शोषून टाकतात. हार्वेने विचारलं, एवढं रक्त यकृत रोज बनवणार कशातून? ते परतच यायला हवं. कुठून परत येतं, हे मात्र त्याला बघायला मिळालं नाही. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केसांहून बारीक वाहिन्या मार्सेलो मालपिगीला बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या त्या १६६१ साली. हार्वे १६५७ मध्येच गेला होता. ज्या वाटेवर त्याचा इतका विश्वास होता ती त्याने एकदाही पाहिली नाही, याचं मला दरवर्षी शिकवताना वाईट वाटतं.

पण त्याने एक प्रयोग करून ठेवलाय, तो कुणालाही घरी करता येतो. मी बाबांच्या दंडाला रबरी पट्टी बांधली. पन्नास वर्षं दोर ओढलेला तो हात. शिरा अशा फुगून आल्या की सुंभाच्या गाठी. मनगटाच्या वरच्या एका शिरेवर मी एक बोट दाबून धरलं. दुसऱ्या बोटाने तीच शीर कोपराच्या दिशेने निपटत नेली, एका गाठीच्या पलीकडे, आणि ते बोट उचललं. शीर सपाट झाली. वर, गाठीच्या पलीकडे रक्त ठासून भरलेलं, पण ते खाली उतरेना. मग मनगटावरचं बोट सोडलं. शीर खालून भरली, झपकन.

बाबा वाकून बघत होते. म्हणाले, "परत कर."

तीन वेळा केलं. ती गाठ म्हणजे शिरेतली झडप, रक्ताला वर जाऊ देणारी आणि खाली येऊ न देणारी. दंडाला पट्टी आणि शिरेवर बोट, हीच चित्रं हार्वेच्या पुस्तकात आहेत.

आता पायाचा प्रश्न. माणूस नुसता उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सव्वा मीटरचा स्तंभ शिरांमध्ये उभा असतो. घोट्याजवळच्या शिरेत दाब ८०-९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो. हृदयाने दिलेला रेटा बारीक वाहिन्यांतून जाता जाता संपत आलेला असतो, तो एवढा स्तंभ एकट्याने वर चढवत नाही. ते काम पोटरी करते. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळतो, झडपा खालची वाट बंद ठेवतात, रक्ताला वरच जावं लागतं. दहा-बारा पावलं चाललं की घोट्याजवळचा तोच दाब २०-३० वर येतो. श्वासाचीही मदत असते: श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि पोटातून रक्त वर ओढलं जातं. अंगातलं साठ टक्क्यांहून जास्त रक्त कुठल्याही क्षणी या शिरांमध्येच असतं. शिरा म्हणजे हृदयापासून सुटलेल्या पाण्याची गटारं नव्हेत. त्यांच्यात जे भरतं, तेच पुढच्या ठोक्याला हृदयाला मिळतं. मागून आलंच नाही तर चांगल्यातलं चांगलं हृदयही रिकामंच आपटत राहील.

सतरा वर्षं वॉर्डात उभं राहून माझ्या डाव्या पायाच्या झडपा ढिल्या झाल्या आहेत. गुडघ्यामागे निळ्या शिरांचं जाळं आहे, त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. माझ्या बरोबरीच्या कितीतरी सिस्टरांना हे आहे. म्हणून माझ्या वर्गात कुणीही तासभर नुसतं उभं राहायचं नाही. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मुलीने टाचा वर-खाली करायच्या. बाहेरून बघणाऱ्याला तो कवायतीचा तास वाटतो.

नळी किती रुंद आहे यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं, हे मी बाबांना एका वाक्यात सांगितलं, कारण इंजिनात हात घातलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मात्र आकडा त्यांनाही माहीत नव्हता. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून मोजलं: त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. थंडीत वाहिन्या आकसतात, म्हणून बोटं गार पडतात, विडी-सिगरेटनेही आकसतात, रक्त घट्ट झालं की प्रवाह मंदावतो. बाबांनी विडी दहा वर्षांपूर्वीच सोडली आहे.

खरी लढाई मिठावर झाली.

हृदयाचा रेटा कमी पडला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला वाटतं, अंगातलं पाणीच आटलंय. ते बिचारं इमानाने मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. पाणी आधीच जास्त, त्यात आणखी भर. म्हणून लघवीची गोळी देतात आणि मीठ तोडायला सांगतात. आता बाबांचा पावसाळा कसा गेला होता बघा. मासेमारी बंद, ताजं म्हावरं नाही, तर रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चुलीत भाजलेला खारा बांगडा. जून, जुलै, ऑगस्ट. सूज सप्टेंबरात आली ती अशी.

"खाऱ्या बांगड्याबिगर पेज कशी जातली?"

मी सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली आणली होती. तिच्यावर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं: ०.९ टक्का. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. आईच्या डब्यातलं मीठ वजनकाट्यावर मोजून मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. लहान चमचाही पुरता भरला नसता. दुसऱ्या हातात बाटली दिली. अंगातल्या पाण्याचा खारटपणा शरीर बदलू देत नाही. तेवढं मीठ जास्तीचं आत राहिलं की बरोबर एवढं पाणी त्याच्याबरोबर राहणार.

बाबांनी दोन्ही हात तोलून बघितले. "एवढा मीठ एवढा पाणी धरून ठेवता?"

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि बोलले ते समुद्राबद्दल.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, सलाइनच्या चौपट. बाबांना आकडा नको होता, त्यांना चव माहीत होती. त्यांचं म्हणणं, पाणी वर्षभर सारखं खारं नसतं. पावसात तर नसतंच, ते कुणीही सांगेल. पण डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पाऊस संपून दोन-तीन महिने झालेले असतात, नद्या आटत आलेल्या असतात, तेव्हाही कधीकधी खोलवर गेल्यावर पाणी "हलक्या" लागतं. आणि त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट होते, जी त्यांना पन्नास वर्षं कळलेली नव्हती. पावसाळा सरतेवेळी जाळं टाकलं की पाण्याची ओढ बहुतेक गोव्याच्या बाजूला असते. ते बरोबर, वारा तिकडेच ढकलतो. मार्गशीर्ष-पौषात वारा उत्तरेचाच असतो, तरी जाळं जातं उत्तरेला, देवगडच्या बाजूला. वाऱ्याच्या तोंडावर.

"वारो एकीकडे, पाणी दुसरीकडे. कसा काय?"

मला उत्तर येत नव्हतं. मी परिचारिका, समुद्रशास्त्र माझा विषय नव्हे. पण ज्या माणसाने माझ्या सांगण्यावरून खारा बांगडा सोडायचं कबूल केलं, त्याच्या प्रश्नाला उत्तर न देता सोडणं मला बरं वाटेना. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी मिळेल ते वाचलं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबांच्या याच प्रश्नावर १९९१ साली शोधनिबंध लिहिलेला आहे. पश्चिम किनाऱ्याने हिवाळ्यात वाहणारा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध, उत्तरेकडे जातो, हे त्यांनी जहाजावरून मोजलं होतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. बाबांना जे दोराच्या ताणातून कळत होतं ते तिथे आकड्यांत होतं.

कारणं दोन, आणि दोन्ही बंगालच्या उपसागराकडे बोट दाखवतात.

पहिलं कारण मीठच. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा एवढं गोडं पाणी ओततात की वरचा थर लिटरला ३३ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी खारा असतो. आपल्या अरबी समुद्रात नद्या थोड्या आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून ३६ च्या आसपास. कमी खारं पाणी हलकं, ते जास्त जागा घेतं. हिवाळ्यात ते हलकं पाणी श्रीलंकेला वळसा घालून कन्याकुमारीच्या बाजूला येऊन भरतं आणि तिथे समुद्राची पातळी आपल्याकडच्यापेक्षा अगदी किंचित उंच होते. डोळ्याला न दिसणारा हा उतार, पण पाण्याला पुरतो. त्या उतारावरून ते उत्तरेकडे सरकतं. गोव्यासमोर हे कमी खारं पाणी मोजलेलं आहे, आणि गोवा ते मालवण अंतर ते काय! बाबांचं "हलक्या" पाणी ते हेच असावं, असं मला वाटतं.

दुसरं कारण समजायला मला चार दिवस लागले. उपसागरात वारे बदलले की तिकडच्या किनाऱ्याजवळ पाण्याच्या पोटात एक लांबलचक लाट उठते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, पृष्ठभाग थोडे सेंटिमीटर हलतो. खाली गरम आणि थंड पाण्याच्या मधली सीमा मात्र कितीतरी मीटर खाली-वर होते. आपल्या गोलार्धात ही लाट किनारा उजव्या हाताला धरून चालते आणि किनारा सोडत नाही. आंध्र, तमिळनाडू, श्रीलंका, मग केरळ, कर्नाटक, गोवा असं करत ती इकडे येते. तिचं नाव केल्विन लाट. वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर. पाणी स्वतः तेवढ्या वेगाने येत नाही. येतो तो धक्का.

हे वाचताना मी पुस्तक मिटून स्वतःचं मनगट धरलं. कारण नाडी हीच असते! मनगटावर लागतो तो ठोका म्हणजे आत्ता हृदयातून निघालेलं रक्त नव्हे. ठोका धमनीच्या भिंतीवरून सेकंदाला पाच-दहा मीटर वेगाने धावत येतो. त्या ठोक्याला निघालेलं रक्त अजून छातीतच असतं, त्याचा सरासरी वेग सेकंदाला वीसेक सेंटिमीटर. आणि केशवाहिन्यांत तर ते सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही. अठ्ठावीस वर्षं मी नाड्या मोजल्या, मुलींना मोजायला शिकवल्या, पण दूरचा धक्का आणि जवळचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला केरळच्या किनाऱ्यावरून चालत आलेल्या लाटेने शिकवलं.

बाबांना मी ताटात पाणी घेऊन दाखवलं. त्यांनी एक मिनिटात सगळं गोळा केलं. "म्हंजे धक्को थंयसून इलो, आणि पाणी हंय हाललां."

तुलना कुठे तुटते तेही सांगायला हवं. शरीरात मीठ पाण्याला धरून ठेवतं, ते पडद्यांच्या आरपार पाणी ओढून. समुद्रात मीठ पाण्याला जड करतं आणि खाली बुडवतं. काम वेगळं आहे, म्हणून वर्गात मी दोन्ही एका दमात शिकवत नाही. पृथ्वीच्या फिरण्याला तर शरीरात जोडच नाही. नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन १८९३ ते १८९६ आपलं 'फ्राम' जहाज मुद्दाम उत्तरेकडच्या बर्फात गोठवून वाहत राहिला, तेव्हा त्याला दिसलं की बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने जात नाही, उजवीकडे कलून जातं. हे कलणं पृथ्वीच्या फिरण्यामुळे; एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्याच कलण्यामुळे पावसाळ्यात वारा किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहताना वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. केरळात हे जोरात होतं, आपल्याकडे येईपर्यंत सौम्य. तारली आणि बांगडा त्यावर पोसतात. मात्र ते खालचं पाणी श्वास संपलेलं असतं. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि पावसाळ्याच्या शेवटी असलं पाणी किनाऱ्याच्या उथळ तळापर्यंत सरकतं. शिरेतून काढलेलं रक्त काळपट असतं तसंच हे, वापरून झालेलं. फरक एवढाच की शिरेतलं रक्त मिनिटाभरात फुप्फुसात पोचतं, आणि समुद्राच्या खोल पाण्याला पृष्ठभागावर यायला कितीतरी पिढ्या लागतात.

ती परतीची वाट सगळ्यात लांबची. समुद्राला हृदय नाही. वारा वरचं पाणी ढकलतो, पण खोलवरचं पाणी हलवायला कुठेतरी पाणी बुडावं लागतं. ग्रीनलंडच्या आजूबाजूला आणि अंटार्क्टिकाच्या कडेला ते बुडतं. तिथे खारं पाणी इतकं गार होतं, आणि बर्फ धरताना उरलेल्या पाण्यात मीठ इतकं मागे राहतं, की ते जड होऊन तळाला जातं. तिथून निघालेल्या पाण्याला जगभर फिरून परत यायला हजारेक वर्षं लागतात, असा अंदाज आहे. अटलांटिकमधली ही उलथापालथ २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून सतत मोजतात: सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात त्याच्या चौदापट.

आणि ही वाट अडू शकते. या जानेवारीत मी वर्गात दोन काचेचे पेले ठेवले. दोन्हींत कोमट पाणी; एकात साधं, दुसऱ्यात चमचाभर शीग लावून मीठ विरघळवलेलं. दोन्हींत निळ्या शाईचा एकेक बर्फाचा खडा सोडला आणि मुलींना विचारलं, कुठला आधी विरघळेल? सगळ्यांनी मिठाच्या पेल्याकडे बोट दाखवलं. मीठ बर्फ वितळवतं हे सगळ्यांना माहीत असतं.

साध्या पाण्यात खड्याखालून निळे धागे सुटले. वितळलेलं पाणी गार, म्हणून जड. ते धाग्याधाग्याने तळाला जाऊन पसरलं आणि त्याच्या जागी कोमट पाणी वर येऊन खड्याला भिडत राहिलं. पेलाभर पाणी फिरत होतं. खडा बघता बघता संपला. मिठाच्या पेल्यात एकही धागा खाली उतरला नाही. वितळलेलं गोडं पाणी गार असूनही खाऱ्यापेक्षा हलकं. ते खड्याभोवतीच निळं झाकण होऊन बसलं. खाली पाणी तसंच नितळ आणि कोमट. खडा अर्धाअधिक शिल्लक. कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्यातलं पाणी फिरतच नाहीये."

ग्रीनलंडचा बर्फ वितळून समुद्रावर येतोय तो असाच गोडा थर होऊन येतो. खालचं दार त्याने किती बंद होईल, कधी, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. पण त्या पेल्यातला नितळ, कोमट तळ मी विसरू शकत नाही. मला वॉर्डातले पाय आठवले. सुरुवातीला कुणालाच काही होत नसतं, फक्त चप्पल घट्ट होते.

बाबांचं रोज सकाळचं काम आता ठरलंय. तोंड धुतलं की वजनकाट्यावर उभं राहायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नव्हे, पाणी आहे. मला फोन करायचा. पाणी दिवसाला दीड लिटर, बाटलीने मोजून. खारा बांगडा पूर्ण बंद. आईने पेजेबरोबर कोकमाची चटणी मिठाशिवाय करून बघितली, कुळथाची पिठी करून बघितली. पहिले पंधरा दिवस घरात जेवणाच्या वेळी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात वजन साडेचार किलोने उतरलं. नळाला तोटी लावल्यासारखं गेलं ते. खुर्ची सुटली, एका उशीवर झोप लागली.

डिसेंबरच्या एका शनिवारी मी गेले तेव्हा ते चप्पल घालून उंबऱ्यात उभे होते. संध्याकाळी आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर चालत गेलो, हळूहळू, पोटरीला काम देत. वारा उत्तरेकडून येत होता, माझा पदर गोव्याच्या बाजूला उडत होता. त्यांना मी वाटेत गोदावरीचं सांगितलं. नाशिकच्या वर त्र्यंबकला उगम पावते, १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, उपसागराला मिळते. आणि तिच्या पाण्याचा काही अंश त्या हलक्या पाण्यात मिसळून, श्रीलंकेला वळसा घालून, हिवाळ्यात या किनाऱ्याला लागत असणार. सह्याद्रीच्या पाठीवर पडलेला पाऊस सह्याद्रीच्या पायाशी. बाबा थांबले. एका हाताने माझा खांदा धरला, दम खाल्ला, आणि पाण्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या पोराची होडी लागली. जाळं काढायला चौघंजण पुढे झाले. म्हावरं काय मिळालं हे बाबांनी विचारलंच नाही.

"अरे, पाण्याक ओढ खंय?"

"देवगडच्या बाजूक, तात्यानू," तो जाळं झटकत म्हणाला. "बरीच ओढ असा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून, माझा हात धरून, त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली.